एकदम अनेक कीज मागवताना या चुका टाळा (काउचडीबी, मोंगोडीबी आणि थोडं डायनॅमो)

काउचडीबी, मोंगोडीबी आणि डायनॅमोडीबी हे डेटाबेस, आणि की म्हणजे त्यातली नोंद शोधायची खूण, बहुतेकदा तिचा आयडी. समजा तुम्ही पुण्यातल्या बस स्टॉपचं ॲप बनवताय, एका रूटवर स्वारगेट, डेक्कन, शिवाजीनगर, औंध असे पंचवीसेक स्टॉप आहेत आणि प्रत्येकाचं डॉक्युमेंट (डेटाबेसमधली नोंद) आणायचंय. बरेच जण सरळ लूप लावतात, एक आयडी एक रिक्वेस्ट, आणि स्वतःच्या लॅपटॉपवर ते मस्त पळतं कारण डेटाबेस तिथेच असतो, पण सर्व्हरवर टाकलं की प्रत्येक आयडीला नेटवर्कची एक फेरी आणि स्क्रीन गोल गोल फिरत बसते. लूप आधी काढा.

काउचडीबीत ऑल डॉक्स या पत्त्यावर पोस्ट रिक्वेस्ट करायची आणि बॉडीत कीजचा ॲरे (यादी) द्यायचा. सोबत इन्क्लूड डॉक्स ट्रू करायला विसरू नका, नाहीतर नुसता आयडी आणि रेव्हिजन (आवृत्तीची खूण) येतं आणि लोक म्हणतात डेटाच नाहीये. गेट रिक्वेस्टनेही जमतं, पण मग ॲरे जेसनमध्ये हवा, अवतरण चिन्हांसकट, वर यूआरएल एन्कोड केलेला, आणि यादी लांबली की यूआरएलच्या लांबीची मर्यादा आडवी येते. पोस्टच बरं.

व्ह्यूवर (तुमच्या फंक्शनने बनलेली, कीनुसार लावलेली यादी) क्वेरी करताना 'कीज'च्या जागी चुकून 'की' लिहिलं आणि त्याला ॲरे दिला तर काउच तो अख्खा ॲरे म्हणजे एकच की समजतो. एरर नाही, रिकामी यादी, आणि तुम्ही तासभर व्ह्यूचं फंक्शन तपासत बसता. स्टार्ट की आणि एंड की देणं हाही यावरचा उपाय नाही, ती रेंज आहे, मधलं सगळं येईल. रिड्यूस (रोंची बेरीज, मोजणी असं करणारं फंक्शन) असलेल्या व्ह्यूवर अनेक कीज द्यायच्या तर ग्रुप ट्रू (प्रत्येक कीचा वेगळा निकाल) लागतंच, निदान इथे एरर स्पष्ट येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कारण यात युजरला चुकीची माहिती दिसते. पाठवलेली यादी आणि आलेली यादी एकास एक जुळेल असं कधीच धरू नका. काउचच्या ऑल डॉक्समध्ये क्रम तुमचाच राहतो, पण नसलेल्या आयडीच्या जागी नॉट फाउंडवाली रो (निकालातली ओळ) येते आणि डिलीट झालेल्याचं डॉक नल (रिकामं) असतं, म्हणजे डायरेक्ट डॉकमधलं नाव वाचायला गेलात की कोड आपटला. व्ह्यूमध्ये नसलेल्या कीची रो येतच नाही, उलट एका कीच्या चार रोही येऊ शकतात. मोंगोच्या इन क्वेरीत (दिलेल्या यादीतल्या कशाशीही जुळणारं आणणारी) तर क्रमाची हमी नाही, न सापडलेलं गुपचूप गळतं, आणि तोच आयडी दोनदा दिला तरी डॉक्युमेंट एकदाच येतं. अशात यादीतल्या क्रमांकावरून जोडत गेलात तर स्वारगेटच्या नावाखाली औंधचं लोकेशन दिसणार आणि माणूस भर पावसात भलत्याच स्टॉपवर उभा राहणार! त्यामुळे आलेल्या रोंचा आयडीनुसार मॅप (आयडी दिला की त्याची रो देणारा तक्ता) बनवा, मग स्वतःच्या मूळ यादीवर फिरा, जे मॅपमध्ये नाही ते लॉगमध्ये लिहा. दहा ओळींचं काम आहे, प्लीज कराच.

मोंगोत सगळंच रिकामं येत असेल तर टाइप बघा. डेटाबेसमध्ये ऑब्जेक्ट आयडी (मोंगोचा स्वतःचा आयडी प्रकार) आणि तुम्ही पाठवताय साधी स्ट्रिंग, दिसायला सारखे पण जुळत नाहीत.

राहिला आकार. हजारो कीज एकदम कोंबू नका, तुकडे करा. मोंगोत बीसन (मोंगोचा डेटा फॉरमॅट) डॉक्युमेंटला 16 एमबीची मर्यादा आहे आणि क्वेरीही त्यातच येते. डायनॅमोडीबीच्या बॅच गेट आयटमला (अनेक आयटम एकदम आणायचा कॉल) एका वेळी 100 आयटम आणि 16 एमबी एवढंच चालतं, तीच की दोनदा दिली तर पूर्ण रिक्वेस्ट नाकारली जाते, म्हणून आधी डुप्लिकेट काढा. आणि कॉल यशस्वी झाला तरी काही कीज अनप्रोसेस्ड कीज या (राहून गेलेल्यांच्या) यादीत परत येऊ शकतात, त्या थोडं थांबून, दर वेळी थांबायची वेळ वाढवत पुन्हा मागा, ती यादी रिकामी होईपर्यंत.