स्मृतिभ्रंश असलेले आजी-आजोबा घरातून निघून गेले तर या चुका टाळा

"इथंच असतील कुठंतरी, येतील थोड्या वेळात." या एका वाक्यापायी पहिला तास हातचा जातो आणि शोधात त्याच तासाला सर्वांत जास्त किंमत असते. वय झालेलं माणूस, वेळेवर न घेतलेली गोळी, ऊन, रस्त्यावरची वाहनं. उशीर परवडत नाही.

चोवीस तास थांबू नका

चोवीस तास उलटल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, हा समज अजूनही घराघरांत आहे. असा नियम नाही. न्हाणीघर, जिना, गच्ची, पार्किंग, शेजारीपाजारी एवढं भराभर बघून घ्या, ११२ ला फोन करा आणि एकाने थेट पोलीस ठाणं गाठा. तिथं "बाबा सकाळपासून घरी आलेले नाहीत" एवढंच सांगितलं, तर जाणतं माणूस आपल्या मर्जीनं कुठंतरी गेलं असेल असं समजलं जाऊ शकतं. "त्यांना स्मृतिभ्रंश आहे, स्वतःचा पत्ता सांगता येत नाही" हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि डॉक्टरांची फाइल पुढे ठेवा. मिसिंगच्या नोंदीचा क्रमांक मागून घ्या. सोसायट्या आणि दुकानांकडे सीसीटीव्ही बघायला मागताना तो कामी येतो.

सगळेच शोधायला बाहेर पडले आणि घराला कुलूप लागलं, असंही होतं. एक जण घरीच थांबायला हवा. कोणी त्यांना दारापर्यंत आणून सोडलं तर दार उघडायला माणूस नको का?

आपल्या डोक्यानं शोधू नका, त्यांच्या डोक्यानं शोधा

माझ्या मते सर्वांत मोठी चूक ही. आपण रोजची बाग, देऊळ, भाजीवाला बघतो. आजोबा मात्र मनानं चाळीस वर्षं मागे असतात. गिरणीत आयुष्य काढलेला माणूस डोंबिवलीच्या फ्लॅटमधून पहिल्या पाळीला निघतो, तेव्हा त्याला लालबागला जायचं असतं. संध्याकाळ झाली की "मला घरी जायचंय" म्हणणाऱ्या आजींचं घर म्हणजे बहुतेक वेळा माहेरचं घर. म्हणून जुना पत्ता, जुनी नोकरी, गावाकडची एसटी जिथून सुटते तो थांबा, ही ठिकाणं आधी कागदावर लिहा आणि प्रत्येक ठिकाणी एक माणूस पाठवा.

नावाचंही तसंच. लग्नात नाव बदललेली आजी पोलिसांना माहेरचं नाव आणि माहेरचं गाव सांगू शकते. तिकडच्या ठाण्यात ती एका नावानं बसलेली आणि इकडे आपली तक्रार दुसऱ्याच नावानं! तक्रारीत दोन्ही नावं, लाडाचं नाव आणि गाव लिहाच.

नुसत्या हाका मारत फिरूनही भागत नाही. भांबावलेलं माणूस बऱ्याचदा ओ देत नाही. ते चालत राहतं आणि वाट संपली, अडकलं, की तिथंच बसून राहतं. त्यामुळे घराच्या आसपासच्या झुडपांत, नाल्याकाठी, अर्धवट बांधकामांत, बंद दुकानांच्या मागे डोळ्यांनी बघा.

"खिशात पैसे नाहीत, लांब जाणार नाहीत" हेही धरून चालू नका. पंच्याहत्तरी पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. खिशात ओळखपत्र असलं की झालं. एसटी स्टँडवरच्या कंट्रोलरला फोटो दाखवा. रेल्वेसाठी १३९ वर कळवा. सरकारी रुग्णालयात नाव विचारू नका, "अनोळखी म्हणून कोणी दाखल झालंय का" असं विचारा.

फोटो आणि मेसेज

नातवाच्या लग्नातला फेटा बांधलेला फोटो पाठवून उपयोग नाही. आत्ता दिसतात तसा चेहरा हवा: दाढी वाढलेली, कवळी नसलेली. असा एक फोटो दर महिन्याला काढून ठेवा. मेसेजमध्ये तारीख, वेळ, कपड्यांचा रंग, पायात काय होतं आणि एकच फोन नंबर द्या. माणूस सापडलं की "सापडले" असं त्याच ग्रुपांवर टाका, नाहीतर तो मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतो.

आधार कार्डावर गावाचा जुना पत्ता असेल तर सापडलेलं माणूस भलतीकडेच पोचवलं जाईल. मोबाइल बरोबर नेला जाईलच असं नाही. त्यापेक्षा सदऱ्याच्या कॉलरच्या आत किंवा परकराच्या नेफ्याला फोन नंबर शिवून घ्या.

सापडल्यावर

"कुठं गेला होतात? किती घाबरवलंत!" असं ओरडू नका. त्यांना आठवत नाही, भीती तेवढी राहते. आधी पाणी द्या, पाय बघा, डोक्याला मार लागलाय का बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, दुखणं यांनीही अशी अस्वस्थता एकाएकी वाढते. पोलीस ठाण्यात कळवून मिसिंगची नोंद बंद करून घ्या.

आणि एकटं आत ठेवून बाहेरून कुलूप लावू नका. आग लागली तर त्यांना बाहेर पडता येणार नाही. दार उघडलं की वाजणारी साधी घंटा बसवा, कडी नजरेच्या वर लावा. पुढच्या वेळी कुठं जातील याचा अंदाज हवा असेल, तर या वेळी ते नेमके कुठं सापडले ते लिहून ठेवा.