माहितीपत्रक छापायला देताना फोटोचा आकार

कोल्हापुरी चपलांचं माहितीपत्रक छापायचं असेल, तर आधी फोटोचे पिक्सेल बघा. १२०० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) जेमतेम १० सेंटिमीटर छापतो. तो पानभर ताणला की वेणीची वीण पुसट होते, आणि खरी कारागिरी तर तिथंच दिसते! नुसता डीपीआयचा आकडा वाढवून तपशील परत येत नाही. ए-फोर पानभर फोटोला, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कागद कापताना जाणारी जादा कड) धरून, साधारण २५५१ × ३५७९ पिक्सेल हवेत.

उलट, ६००० पिक्सेलचा फोटो ५ सेंटिमीटरच्या चौकटीत टाकला तर फाइल उगाच फुगते. ६०० पिक्सेल पुरतात. मूळ फोटो मात्र वेगळा जपून ठेवा.

लोगो व्हेक्टरच (पिक्सेलऐवजी रेषांनी बनलेला, मोठा केला तरी न फाटणारा) ठेवा. पीडीएफ ‘प्रेस क्वालिटी’त काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच.