जुन्या गाडीची डिकी पावसात गळते? आधी वाट शोधा, मग दुरुस्ती करा

जुन्या हॅचबॅकच्या मागच्या दारातून पाणी आत येऊ लागलं की बहुतेक जण सिलिकॉनची एक ट्यूब आणतात आणि काचेच्या कडेनं सगळीकडे फासतात. पहिला जोराचा पाऊस आला की पाणी पुन्हा आत. मग आणखी सिलिकॉन. दोन पावसाळे असे गेले की काचेखालचा पत्रा आतून कुजलेला असतो आणि जे काम एका दुपारचं होतं ते डेंटरकडे जातं. म्हणून या लेखाचा बराच भाग गळती शोधण्याबद्दल आहे. ती नेमकी सापडली की पुढचं काम फारसं अवघड नसतं.

इथे मुख्यतः मारुती ८०० डोळ्यांसमोर ठेवली आहे. १९८३ पासून २०१४ च्या सुरुवातीपर्यंत ही गाडी बनत होती, त्यामुळे आजही खेड्यापाड्यांत, कोकणात, घाटावर ती भेटते. तिची मागची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते आणि हे काम घरी करता येतं. झेन, ओम्नी आणि त्या काळातल्या इतर गाड्यांनाही शोधण्याची हीच पद्धत लागू पडते. काम उन्हाळ्यात काढा. अक्षय्य तृतीया ते मृग नक्षत्र हा काळ उत्तम, कारण पत्रा खडखडीत वाळलेला असतो आणि सीलंट सुकायला वेळ मिळतो.

ही गळती अंगावर का काढू नये

ओला मॅट, कुबट वास, काचेवर आतून धुकं, हा त्रास दिसतो. न दिसणारा त्रास जास्त वाईट आहे. गाडी धावत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. डिकीच्या रबरातून पाणी आत येतं तिथून हा धूरही आत येऊ शकतो, आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना रंग ना वास. लहान मुलं मागच्या सीटवर झोपून प्रवास करतात. म्हणून प्रवासात मागे धुराचा वास येत असेल, डोकं दुखत असेल, तर पावसाळ्याची वाट पाहू नका. रबर आणि सायलेन्सर दोन्ही लगेच तपासा.

पहिली पायरी: सगळं बाहेर काढा

डिकीतला मॅट, त्याखालची पुठ्ठ्याची किंवा फोमची गादी, जॅक, हत्यारं, सगळं काढा. गादी उन्हात वाळवा. वरून कोरडी लागली तरी आत कित्येक दिवस पाणी धरून ठेवते आणि खालचा पत्रा तिनंच सडतो. ज्या गाड्यांत स्टेपनी डिकीच्या तळाशी असते, तिथे स्टेपनी उचलून खालचा खळगा पाहा. बाजूची प्लॅस्टिकची आवरणं आणि मागच्या दाराच्या आतलं पॅनेल काढा. जुन्या क्लिपा तुटतात, तेव्हा चार-सहा नव्या आधीच आणून ठेवा.

आता उघडा पत्रा नीट पाहा. पाण्याचा ओघळ मातीची बारीक रेघ मागे सोडतो. वरून खाली आलेली तपकिरी रेघ दिसली तर तिच्या वरच्या टोकाला बोट लावा. बऱ्याचदा शोध तिथेच संपतो.

दुसरी पायरी: पाणी शिरतं कुठून?

पाणी जिथे साचतं तिथून ते आलेलं नसतं, हे मनाशी पक्कं धरा. छताजवळच्या बिजागरीतून शिरलेलं पाणी आतल्या खांबातून उतरतं आणि चाकाच्या कमानीजवळच्या कोपऱ्यात जमतं. दोष मात्र खालच्या रबरावर येतो.

आधी कोरड्या चाचण्या. डिकीच्या चौकटीला जे रबर असतं, त्याच्या समोर दाराच्या आतल्या कडेवर खडू घासा. दार लावा, उघडा. रबरावर खडूची अखंड रेघ उमटायला हवी. जिथे ती तुटते तिथे रबर टेकत नाही. मग वर्तमानपत्राची पट्टी दारात अडकवून ओढून पाहा. ती सगळीकडे सारख्याच जोराने अडायला हवी. एखाद्या कोपऱ्यात सुळकन निघाली तर तो कोपरा संशयित.

मग पाण्याची चाचणी. दोन माणसं लागतात. एक जण टॉर्च घेऊन आत बसेल. आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली की एक थेंबही माग सोडतो. दुसरा बाहेर पाइप धरेल. पाइपला नोझल लावू नका, प्रेशर वॉशर तर मुळीच नको, कारण जोरदार फवारा चांगल्या रबरातूनही आत घुसतो आणि भलतीच जागा दाखवतो. पाणी नुसतं ओघळू द्या.

सुरुवात खालून करा. आधी नंबर प्लेट आणि लॉकचा भाग, मग टेल लाइट, मग काचेची खालची कड, बाजू, वरची कड, आणि शेवटी बिजागऱ्या आणि छताची पन्हळ. प्रत्येक ठिकाणी चार-पाच मिनिटं थांबा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे पसरतं आणि काहीच कळत नाही. सपाट जागी गळती सापडली नाही तर गाडी उतारावर, आधी तोंड वर आणि मग तोंड खाली करून, पुन्हा पाहा. काही गाड्या अंगणात कोरड्या राहतात आणि घाटात गळतात.

या जागा विशेष पाहा:

- छताच्या पन्हळीत दोन पत्र्यांच्या सांध्यावर भरलेलं सीलर. ते वाळून भेगाळतं आणि वरच्या रंगामुळे भेग केसाएवढीच दिसते.
- टेल लाइटमागचं फोमचं गॅस्केट. बल्ब बदलताना लाइट वाकडी बसली असेल तरी पाणी येतं.
- मागचा वायपर असेल तर त्याच्या दांड्याभोवतीचं रबर आणि वॉशरच्या पाण्याची नळी. नळी सुटली असेल तर पाऊस नसतानाही डिकी ओली होते.
- दाराकडे जाणाऱ्या वायरींचं रबरी बूच, आणि नंतर बसवलेल्या स्पॉइलरचे किंवा अँटेनाचे स्क्रू.

एक वेगळी खूण आहे. दार उघडताना आत पाणी खळखळलं, तर ते काचेच्या रबरातून दाराच्या पोकळीत शिरतंय आणि दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं बुजली आहेत. ती भोकं तारेनं हलकेच मोकळी करा. पण तेवढ्यावर थांबू नका, काचेचं रबरही करायला हवं.

चौकटीचं रबर बदलणं

दाबून दाबून हे रबर चपटं होतं आणि पुन्हा फुगत नाही. बोटानं दाबून सोडा. हळूहळू वर आलं किंवा आलंच नाही, तर ते गेलं. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, पुण्यात नाना पेठेत जुन्या गाड्यांची रबरं शोधता येतात. जुना तुकडा बरोबर न्या, कारण रबराच्या पोकळ फुग्याची जाडी आणि पत्र्याची कड धरणारी आतली पकड जुळायलाच हवी. जास्त जाड रबर घेतलं तर दार नीट लागणार नाही.

जुनं रबर हातानं ओढून काढा. खालच्या पत्र्याची कड पुसा, वाकली असेल तर पक्कडीनं सरळ करा. गंज असेल तर आधी तो घालवा, पद्धत पुढे दिली आहे. नवं रबर खालच्या कडेच्या मध्यापासून बसवायला घ्या, म्हणजे सांधा खाली राहतो. ताणू नका. ताणलेलं रबर काही आठवड्यांत आखडतं आणि कोपऱ्यांत फट पडते. उलट कोपऱ्यात थोडं जास्तीचं रबर आत लोटा. रबरी हातोडीनं ठोकत पुढे जा आणि दुसरं टोक नेमकं मापून कापा.

नव्या रबरावर दार जड लागतं. लगेच लॉकचा आकडा सैल करू नका. काही दिवस दार बंद ठेवा, रबर बसतं. त्यानंतरही खडूची रेघ तुटत असेल तर आकड्याचे बोल्ट किंचित ढिले करून तो थोडासा आत सरकवा आणि दाराच्या दोन्ही बाजूंची रबरी बटणं फिरवून दार दोन्हीकडे सारखं टेकवा.

काचेची बीडिंग

काचेभोवतीचं रबर अजून मऊ असेल तर काच काढायची गरज नाही. प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या पातळ चिपेनं रबराची कड उचला, आतली माती ओल्या ब्रशनं काढा, पूर्ण वाळू द्या आणि न कडकणारं काचेचं सीलंट नळीनं आत भरा. काच आणि रबर यांच्यामध्ये एकदा, रबर आणि पत्रा यांच्यामध्ये एकदा. बाहेर आलेलं लगेच पुसा. स्क्रू ड्रायव्हर वापरू नका. मागची काच टफन केलेली असते. मधोमध ती बराच मार सोसते, पण कडेला धातूचं टोक लागलं तर क्षणात तिचा चुरा होतो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

रबर कडक होऊन तडकलं असेल तर काच काढावी लागते. काचेत डीफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुकं घालवणाऱ्या, तारा असतील तर आधी त्या सोडवा. आतून रबराची कड पत्र्यावरून सोडवत जा आणि बाहेर दोन माणसं काच धरायला उभी करा. ती गादीवर ठेवा.

बसवताना नवं रबर आधी काचेवर चढवा. रबराच्या ज्या खाचेत पत्र्याची कड बसते तिच्यात चार मिलिमीटरची नायलॉनची दोरी सगळीकडून घाला, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर पुढे येऊ द्या. खाचेत साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्यानं रबर फुगतं. आता काच बाहेरून चौकटीवर टेकवा. आतला माणूस दोरीचं एक टोक काचेला समांतर हळूहळू ओढेल तशी रबराची आतली कड पत्र्यावरून उलटत बसेल. बाहेरचा माणूस त्याच जागी तळहाताने दाबत राहील. घाई नको. अडलं तर जोर लावू नका, साबणाचं पाणी वाढवा.

नंतरच्या काळातल्या बऱ्याच गाड्यांची काच पॉलियुरेथेननं थेट चिकटवलेली असते. ती काच कापून काढणं आणि प्रायमर लावून पुन्हा बसवणं हे काचवाल्याचं काम आहे. ते त्यालाच द्या.

ज्या गाड्यांत मागची नुसती काचच वर उघडते, तिथे बिजागरीचे बोल्ट काचेतल्या भोकांतून जातात. गळती बहुधा तिथल्या चपट्या झालेल्या रबरी वॉशरांतून असते. वॉशर दोन्ही बाजूंचे बदला. धातू काचेला कुठेही टेकता कामा नये. बोल्ट हातानं बसवून शेवटी पान्यानं अगदी थोडेच आवळा.

गंज आणि सिलिकॉन

रबराखाली रंगाचे पोपडे दिसले तर पॉलिश पेपरनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, थिनरनं पुसा, प्रायमरचे दोन पातळ हात द्या, मग रंग. रंग पूर्ण वाळल्यावरच रबर बसवा. पत्र्याला भोक पडलं असेल तर एम-सील भरून वेळ मारून नेऊ नका. काचेच्या चौकटीचा पत्रा वेल्डिंगनंच नीट होतो, आणि वेल्डिंगच्या वेळी काच काढलेली असायला हवी.

बाथरूमसाठी मिळणाऱ्या बऱ्याच सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. सुकताना ते ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंज चढवतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे रंग धरत नाही. जुनं सिलिकॉन दिसलं तर नखानं, प्लॅस्टिकच्या पट्टीनं सगळं खरवडून काढा. टेल लाइटसाठी काळी ब्युटाइल टेप वापरा, लाइट पुन्हा काढायची वेळ आली तर ती सहज निघते. पन्हळीच्या सांध्यातलं फुटकं सीलर कोरून काढा, गाड्यांच्या सांध्यांसाठी मिळणारं सीलर ब्रशनं भरा आणि वर रंग लावा.

झाल्यावर

सीलंटच्या डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण जाऊ द्या. मग पाण्याची चाचणी पहिल्यासारखीच, खालून वर, पूर्ण करा. दोन जागा गळत असतील तर पहिली बंद झाल्यावरच दुसरी स्पष्ट दिसते. आतली आवरणं आणि मॅट लगेच बसवू नका. एक-दोन मोठे पाऊस गाडी तशीच वापरा आणि दर वेळी पत्र्यावर हात फिरवून पाहा. तळातली रबरी बुचं मात्र आधी जागेवर लावा. पाणी निघून जावं म्हणून ती काढून ठेवली तर रस्त्यावरचं पाणी आणि धूर दोन्ही आत येतात.

पुढे वर्षातून दोनदा, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, रबरं साबणाच्या पाण्यानं धुवा, पुसा आणि सिलिकॉन स्प्रेचा पातळ हात फडक्यानं द्या. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल रबराला लावू नका. छताची पन्हळ आणि दाराखालची भोकं त्याच वेळी साफ करा. आंब्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर ती दर महिन्याला पाहावी लागतील.