नव्या पीसीत डीव्हीडी रायटर दिसत नव्हता: माझा अनुभव

घरी जुळवलेल्या पीसीत रायटरचा ट्रे उघडायचा, दिवा लागायचा; पण ड्राइव्ह ना विंडोजमध्ये दिसे, ना बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणारा, पीसीच्या मुख्य बोर्डावरचा प्रोग्राम). साटा केबल (ड्राइव्ह मदरबोर्डला, म्हणजे मुख्य बोर्डाला जोडणारी) बदलली, ड्रायव्हर (ड्राइव्ह चालवणारं विंडोजमधलं सॉफ्टवेअर) काढून पुन्हा टाकला. दोन रविवार पाण्यात. (बायोसलाच दिसत नाही म्हटल्यावर ड्रायव्हरचा प्रश्नच नव्हता, हे उशिरा सुचलं.)

कारण मदरबोर्डच्या मॅन्युअलमधल्या एका तक्त्यात होतं: एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरची पातळ कार्डासाठीची खाच) एसएसडी (चिपवर डेटा साठवणारी ड्राइव्ह) बसवली की साटा पोर्ट ५ आणि ६ बंद. माझा रायटर नेमका ५ वर.

पीसी बंद केला, प्लग काढला, पॉवर बटण १० सेकंद दाबून धरलं. केबल ५ मधून काढून ३ मध्ये, क्लिक होईपर्यंत दाबली. प्लग लावून पीसी सुरू करताच डिलीट दाबून बायोस उघडलं. साटा ३ समोर रायटरचं नाव. तुमच्या बोर्डावर आकडे वेगळे असू शकतात, तक्ता बघूनच पोर्ट निवडा.