फोटो बंद केले तरी माग निघतोच: ईमेलमधली पाळत चुकवताना या चुका टाळा

जाहिरातीचा ईमेल उघडायचा, दोन सेकंद बघायचा आणि बंद करायचा. आपल्या लेखी विषय संपला. पाठवणाऱ्याकडे मात्र तेवढ्यात नोंद होते: या पत्त्यावरच्या व्यक्तीने इतक्या वाजता, अशा प्रकारच्या फोनवरून, साधारण या भागातून ईमेल उघडला. रात्री पुन्हा उघडला तर तेही कळतं.

हे साधतं ते एका पिक्सेलएवढ्या, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढ्या, पारदर्शक चित्रामुळे. हे चित्र ईमेलसोबत येत नाही. ते पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर असतं आणि प्रत्येक ग्राहकासाठी त्याची लिंक वेगळी बनवलेली असते. तुमच्या अ‍ॅपने ते मागवलं की कोणी मागवलं हे आपोआप कळतं. ‘वाचल्याची पोच पाठवू का?’ असं विचारणारी जुनी सोय निदान विचारायची तरी!

एवढं समजल्यावर बहुतेक जण त्या चित्राच्या मागे लागतात आणि ते अडवलं की निर्धास्त होतात. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. चित्र ही माग काढण्याची सर्वात कच्ची पद्धत आहे. लिंक त्याहून पक्की, आणि तुमचा ईमेल पत्ता सगळ्यात पक्का.

‘जीमेल आहे ना, मग काय काळजी!’

डिसेंबर २०१३ पासून जीमेल ईमेलमधली चित्रं गूगलच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवतं. त्यामुळे पाठवणाऱ्याला तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दिसत नाही, म्हणजे ठिकाणाचा अंदाज येत नाही. हा खरा फायदा आहे. पण चित्राची लिंक तुमच्या एकट्याच्या नावची असल्याने ती गूगलने मागवली तरी ‘ईमेल उघडला’ ही नोंद व्हायची ती होतेच. व्हीपीएनचंही (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणाऱ्या सेवेचंही) असंच. तो ठिकाण लपवतो, ओळख नाही.

उपाय सेटिंगमध्येच आहे. संगणकावर जीमेलच्या सेटिंगमधल्या ‘जनरल’ या भागात ‘इमेजेस’ शोधा आणि ‘आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्सटर्नल इमेजेस’ निवडा. थंडरबर्ड या ईमेल प्रोग्राममध्ये बाहेरची चित्रं मुळातच बंद असतात.

हे केल्यावर पहिली तक्रार ठरलेली: ‘ईमेल कोरा दिसतोय.’ काही कंपन्या सगळा मजकूर चित्रात घालतात, म्हणून असं होतं. खरंच वाचायचा असेल तर त्या एका ईमेलपुरती चित्रं दाखवायला सांगा. बरेच जण घाईत ‘या पाठवणाऱ्याची चित्रं नेहमी दाखवा’ दाबतात आणि मग वर्षभर त्या कंपनीच्या प्रत्येक ईमेलची नोंद होत राहते.

अ‍ॅपलने वेगळा मार्ग घेतला. २०२१ मध्ये आयफोनच्या आयओएस १५ या प्रणालीसोबत आलेलं ‘मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन’ चालू असेल तर तुम्ही ईमेल उघडा किंवा उघडू नका, चित्रं पडद्यामागे मध्यस्थ सर्व्हरमार्फत आधीच आणून ठेवली जातात. मग कोणी खरंच वाचलं आणि कोणी नाही, हे पाठवणाऱ्याला सांगता येत नाही. (तरीही ‘आमचे निम्मे ग्राहक ईमेल उघडतात’ असं अभिमानाने सांगणारे मार्केटिंगवाले आहेत. त्यातले किती माणसांनी उघडले आणि किती अ‍ॅपलच्या सर्व्हरने, हे त्यांनाही माहीत नसतं.) मात्र हे संरक्षण अ‍ॅपलच्या स्वतःच्या मेल अ‍ॅपमध्येच मिळतं. आयफोनवर जीमेलचं अ‍ॅप वापरून ‘माझ्याकडे आयफोन आहे’ म्हणण्यात अर्थ नाही.

फक्त छोटं चित्र शोधत बसणं

ईमेलचा मूळ कोड उघडून एक बाय एकचं चित्र शोधायचं, नाही सापडलं तर ईमेल स्वच्छ समजायचा, हा हौशी लोकांचा आवडता उद्योग. पण वर दिसणारा कंपनीचा मोठा लोगोसुद्धा खास तुमच्या नावच्या लिंकवरून येऊ शकतो. तो पिक्सेलइतकंच काम करतो. आकार पाहू नका. बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट माग काढू शकते.

चित्रं बंद, पण लिंकवर क्लिक

खिडकीला जाड पडदा लावायचा आणि दार सताड उघडं ठेवायचं, तसं हे आहे. जाहिरातीच्या ईमेलमधली लिंक सहसा थेट दुकानाच्या पानावर जात नाही. आधी ती ईमेल पाठवणाऱ्या यंत्रणेच्या सर्व्हरवर जाते, तिथे ‘अमुक ग्राहकाने अमुक वस्तूवर क्लिक केलं’ असं नोंदलं जातं, आणि मग तुम्हाला पुढे ढकललं जातं. हे इतक्या झटकन होतं की जाणवतही नाही. चित्र उघडण्यातून फक्त कुतूहल कळतं. क्लिकमधून तुम्हाला काय हवंय ते कळतं. विकणाऱ्याला मोल याचंच.

पुढची पायरी जास्त बोचरी आहे. वेबसाइटवर पोचताच ती तुमच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तुम्हाला ओळखणारी छोटी नोंद, ठेवू शकते आणि ती त्या ईमेल पत्त्याशी जोडू शकते. मग त्यानंतर तुम्ही लॉगिन न करता त्याच साइटवर काय काय चाळलंत, तेही तुमच्या नावावर जमा होतं. ‘मी नुसतं बघितलं होतं, त्याच वस्तूचा ईमेल कसा आला?’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

इन्कॉग्निटो खिडकीत लिंक उघडली तर? खिडकी बंद केल्यावर कुकी जाते, पण क्लिकची नोंद लिंकमधल्या खुणेमुळे आधीच तुमच्या नावाने झालेली असते. लिंकची शेपटी, म्हणजे प्रश्नचिन्हापुढचा भाग, कापायची युक्तीही अर्धवटच. यूटीएमने सुरू होणारे भाग साधारणपणे कोणत्या मोहिमेतून तुम्ही आलात एवढंच सांगतात. माणसाची ओळख बहुधा त्या अगम्य लांबलचक अक्षरांच्या भेंडोळ्यात असते. २०२३ च्या आयओएस १७ पासून अ‍ॅपलचं मेल अ‍ॅप ओळख पटवणाऱ्या काही खुणा स्वतःच काढतं. पण मधल्या सर्व्हरवरून वळवलेल्या लिंकमध्ये खरा पत्ताच दिसत नसेल, तर कापणार काय?

म्हणून साधी सवय लावा: ऑफर आवडली तर ब्राउझरमध्ये वेबसाइटचं नाव स्वतः टाईप करून जा. कूपनचा कोड असेल तर तेवढा कॉपी करा. पासवर्ड बदलणं किंवा खातं पडताळणं यासाठी तुम्हीच मागवलेली लिंक उघडायला हरकत नाही. तिथे तुम्हीच आहात हे समोरच्याला कळणं गरजेचंच असतं.

आणखी एक. आवडलेला जाहिरातीचा ईमेल मित्राला जसाच्या तसा फॉरवर्ड करू नका. त्यातल्या लिंका तुमच्या नावच्या असतात. मित्राने केलेले क्लिक तुमच्या खात्यावर जमा होतील आणि खालचं ‘अनसबस्क्राइब’ त्याने दाबलं तर यादीतून नाव तुमचं जाईल.

इनबॉक्स झाडायला परक्याच्या हाती किल्ली

जाहिराती फार झाल्या की माणूस ‘एका क्लिकमध्ये इनबॉक्स साफ’ म्हणणारं फुकटचं अ‍ॅप शोधतो आणि त्याला सगळा मेल वाचायची परवानगी देऊन बसतो. ‘अनरोल-मी’ ही अशीच सेवा. तिची मालक कंपनी ग्राहकांच्या इनबॉक्समधल्या पावत्यांवरून तयार केलेली माहिती नावं वगळून विकत होती, ‘लिफ्ट’ या टॅक्सी सेवेच्या पावत्यांची माहिती तिची स्पर्धक उबरला गेली होती, हे २०१७ मध्ये उघड झालं. खासगी ईमेलबाबत ग्राहकांची दिशाभूल केली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१९ मध्ये या सेवेवर कारवाई केली. एका पिक्सेलपासून वाचायला आख्खा इनबॉक्स देणं, हा सौदा मला कधीच पटलेला नाही. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर कोणत्या अ‍ॅपला कसली परवानगी आहे ते दिसतं. ओळखू न येणारी नावं तिथूनच काढून टाका. ट्रॅकर, म्हणजे माग काढणाऱ्या खुणा, अडवणाऱ्या ब्राउझर एक्स्टेन्शनलाही (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामलाही) हाच नियम लावा.

सगळीकडे एकच पत्ता

प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे २९ टक्के ईमेल उघडताच वाचणाऱ्याचा पत्ता निदान एका त्रयस्थ कंपनीकडे जात होता. कधी तो उघडपणे जातो, कधी हॅश करून, म्हणजे अक्षरांच्या ठरावीक गुंतवळ्यात बदलून. कंपन्या सांगतात की हॅशमुळे ओळख लपते. पण एकाच पद्धतीने हॅश केला की त्याच पत्त्याचा हॅश सगळीकडे सारखाच येतो. बुटांच्या दुकानाची यादी आणि औषधांच्या दुकानाची यादी शेजारी ठेवली की जुळणी झालीच.

जीमेलच्या पत्त्यात अधिकचं चिन्ह लावून दुकानाचं नाव जोडायची युक्ती इथे चालत नाही. त्या चिन्हापासून पुढचं खोडून मूळ पत्ता काढणं कोणत्याही प्रोग्रामला सहज जमतं. त्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वेगळा टोपणपत्ता द्या. त्यावर आलेला ईमेल तुमच्या खऱ्या पत्त्यावर पोचतो. अ‍ॅपलचं ‘हाइड माय ईमेल’, ‘फायरफॉक्स रिले’, ‘सिंपललॉगिन’ यांतून असे पत्ते मिळतात. ‘डकडकगो’ची सेवा तर ईमेलमधले ट्रॅकर काढून मग तो पुढे पाठवते. एखाद्या टोपणपत्त्यावर भलत्याच कंपनीचा ईमेल आला की पत्ता कुणाकडून फुटला ते कळतं, आणि तो पत्ता बंद करता येतो. बँक, सरकारी कामं आणि मुख्य खात्यांना मात्र खरा पत्ताच ठेवा. टोपणपत्ता देणारी सेवा उद्या बंद पडली तर पासवर्ड बदलायची वाटही बंद होईल.

अनसबस्क्राइब केलं, आता माझी माहिती गेली

मुळीच नाही. अनसबस्क्राइब केल्याने ईमेल थांबतात, तुमच्याविषयी साठवलेला इतिहास तसाच राहतो. ओळखीच्या कंपनीचा ईमेल असेल तर जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दिसणारं ‘अनसबस्क्राइब’ वापरा, म्हणजे ईमेलच्या तळाशी असलेली लिंक बहुधा उघडावी लागत नाही. मोठ्या संख्येने जाहिराती पाठवणाऱ्यांनी एका क्लिकची ही सोय द्यावी, असा गूगल आणि याहूचा नियम २०२४ मध्ये लागू झाला. अनोळखी, संशयास्पद ईमेलमधल्या अशा लिंकला हात लावू नका, सरळ स्पॅममध्ये टाका. क्लिक केलंत तर पत्ता चालू आहे याची खात्रीच पटते.

साठवलेली माहिती काढायची तर वेगळी लेखी मागणी करावी लागते. युरोपीय संघात जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने तो हक्क दिला आहे आणि अशा मागणीला साधारण महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. ज्या पत्त्यावरून नोंदणी केली होती त्याच पत्त्यावरून मागणी पाठवा, नाहीतर ओळखपत्र मागून तुमची आणखी माहिती गोळा केली जाऊ शकते. आणि ‘या पत्त्यावर पुन्हा ईमेल पाठवू नये’ अशा नकारयादीत तुमचा पत्ता राहणार असेल तर तो राहू द्या. तिथूनही काढून घेतलात, तर जुनी यादी कुणीतरी पुन्हा चढवल्यावर ईमेल परत सुरू होतात.