जुन्या सुती साडीची गोधडी घरच्या घरी कशी शिवायची

बोहारणीला साड्या देऊन स्टीलचं पातेलं घेण्याआधी जरा थांबा आणि त्यातल्या सुती साड्या बाजूला काढा. सुती साडी धुऊन धुऊन जितकी विरत जाते तितकी मऊ होते, आणि तो मऊपणा दुकानातल्या नव्या कोऱ्या चादरीला नसतो, म्हणून गोधडीला जुनंच कापड लागतं. सिंथेटिक अजिबात घेऊ नका, ते सरकतं, घाम शोषत नाही आणि सुतीबरोबर शिवलं की धुतल्यावर गोधडी कुठेतरी फुगते कुठेतरी ओढली जाते.

पहिल्यांदा करत असाल तर एका माणसाची करा. साडी साधारण साडेपाच मीटर म्हणजे 18 फूट असते, मधोमध दुमडली की 9 फूट लांब आणि पन्हा जवळपास 45 इंच, त्यातली 7 फूट ठेवून उरलेलं कापून घ्या, म्हणजे खालची वरची दोन्ही बाजू एकाच साडीत झाली आणि एका टोकाला शिलाईच नको. आत घालायला जुनं धोतर, लुंगी, परकर, फाटकी चादर काहीही चालेल, फक्त सुती हवं. आतले थर तीन, फार तर चार. त्याहून जास्त घातले तर सुई ओढताना बोटं सोलवटतात आणि टाका मोठा पडायला लागतो.

कापायच्या आधीची कामं लोक टाळतात पण खरी गंमत तिथेच आहे. साडीचा फॉल उसवून काढा, कारण तिथे कापड दुप्पट जाड होतं आणि नेमकी कडेचीच शिलाई अवघड जाते. जरीचा काठ असेल तर तोही काढा, तो अंगाला टोचतो. सगळं कापड एकदा धुऊन कडक उन्हात वाळवा म्हणजे खळ निघते आणि काय आटायचं ते आधीच आटतं. गडद रंग असेल तर पांढरं ओलं फडकं त्यावर घासून बघा, रंग लागला तर ते कापड आत नको, बाहेर तर नकोच.

आता फरशीवर साडी पसरा, मांडीवर घेऊन शिवू नका, चुण्या पडतात. आतले थर एकेक करून टाका आणि प्रत्येक थर तळहाताने मधून कडेकडे सारत सपाट करा, फाटलेला भाग दोन थरांत एकाच जागी येऊ देऊ नका. वरची बाजू ओढून घ्या, चारी कोपऱ्यांवर काहीतरी जड ठेवा, आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने वीतवीतभर लांब कच्चे टाके घाला, उभे आणि आडवे दोन्ही. हे टाके शेवटी उसवायचेच आहेत पण ते नसतील तर शिवत शिवत मधे आल्यावर सगळं कापड तिथे गोळा होतं.

मग कडा इंचभर आत दुमडून पक्की शिलाई सुरू करा. जाड सुती दोरा आणि मोठ्या नेढ्याची सुई, दोरा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. साधा धावदोरा, टाका तांदळाच्या दाण्याएवढा. गाठ थरांच्या आत लपवा. कडेने सुरुवात करून चौकोनातच फिरत फिरत आत यायचं, दोन ओळींत दोन बोटांचं अंतर. रोज तासभर जरी बसलात तरी होते, आणि दोघी समोरासमोर बसल्या तर गप्पांत कधी झाली कळतही नाही. मशीनवर लवकर होते हे खरं, पण हाताच्या टाक्याने गोधडीला जी बारीक सुरकुती येते ती मला मशीनच्या गोधडीत कधी दिसली नाही, म्हणून मी हातानेच शिवा म्हणेन.

विरलेली जागा दिसली तर वरून ठिगळ लावा, खणाचा जुना तुकडा असेल तर फारच छान दिसतो.

उरलेल्या साडीच्या दोन-दोन इंचाच्या पट्ट्या फाडा, तीन पट्ट्यांची घट्ट वेणी घाला, आणि ती वेणी गोल गुंडाळत बाजूबाजूने शिवत जा, पायपुसणं तयार. वेणी सैल ठेवू नका, आणि शिवताना फार ओढूही नका नाहीतर ते वाटीसारखं वर उचलतं.

गोधडी भिजली की भयंकर जड होते, म्हणून मोठ्या टबात साबणाच्या पाण्यात पायाने तुडवून धुवा, पिळू नका, कठड्यावर टाकून पाणी निथळू द्या आणि दोन्ही बाजूंनी ऊन दाखवा.