लैंगिक अत्याचारानंतर गोपनीय मदत शोधताना या चुका टाळा

ठाणे-नवी मुंबई पट्ट्यात अत्याचार झालेल्या बाईची गोष्ट बाहेर फुटते ती बहुतेक वेळा मदतीला धावलेल्या मैत्रिणीच्या, वहिनीच्या नाहीतर शेजारणीच्या फोनवरून. हॉस्पिटल आणि पोलिसांच्या नावाने खडे फोडणं मग नंतर होतं. बायकांसोबत केसपेपरच्या रांगेत आणि पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर मी पुष्कळ बसले आहे, आणि त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय. हे मुख्यतः सोबत जाणाऱ्यांसाठी लिहिते.

ग्रुपवर विचारणं

सगळ्यात जास्त राग येतो तो याचा. "एका ओळखीच्या मुलीसाठी चांगली लेडी काउन्सेलर हवीय, अर्जंट." नाव टाकलं नाही की झालं, असा समज.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या कॉम्प्लेक्समधली गोष्ट, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते. शेजारणीने सोसायटीच्या महिलांच्या ग्रुपवर असंच टाकलं. कोणीतरी विचारलं, काय झालंय? "फोनवर सांगते, नाजूक आहे." मग दुसरी, आपल्याच विंगमधली का गं? यावर शेजारीण गप्प बसली आणि सगळ्यांना कळायचं ते कळलं. भाड्याने राहणाऱ्या, एकट्या, तरुण मुली एका विंगमध्ये अशा असून असून किती असणार? त्याच आठवड्यात गेटवरच्या वॉचमनने रजिस्टरमधून मान वर करून तिला विचारलं, "ताई, आता बरं आहे ना?" मुलगी खोली सोडून गावी गेली. तोवर ग्रुपवर नंबर जमले होते: एक दहावीनंतरचं करिअर सांगणारी, एक टॅरोवाली, एक कोणाची तरी नणंद.

माझी सवय अशी की पत्ता काढताना घटनेबद्दल अवाक्षर काढायचं नाही. १८१ या महिला हेल्पलाइनवर "सखी वन स्टॉप सेंटर कुठे आहे, रात्री कोण असतं" एवढंच विचारायचं. ही केंद्रं २०१५ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून चालतात. औषधोपचार, समुपदेशन, वकील, पोलीस, थोड्या दिवसांचा निवारा हे सगळं एका ठिकाणाहून जोडून देणं हे त्यांचं काम. पत्ता विचारायला कारण सांगावं लागत नाही. आणि पीडितेचं नाव किंवा ओळख पटेल असा मजकूर प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा. ग्रुप म्हणजे घरचंच बोलणं, या भ्रमात राहू नका.

"कोणालाच कळणार नाही" असं वचन देणं

कोपरखैरण्यातल्या एका मावशीने "कोणाला सांगणार नाही" अशी शपथ घेऊन सोळा वर्षांच्या भाचीला बोलतं केलं. हॉस्पिटलात केसपेपरवर वय लिहिलं गेलं आणि डॉक्टरांनी पोलिसांना फोन केला. तो करावाच लागतो. अठरा वर्षांखालच्या मुलाबाबत असं काही कळलं तर पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, डॉक्टरला तसंच मावशीलाही. जबाब घ्यायला आलेल्या पोलीस बाई साध्या कपड्यांत होत्या, नीट वागल्या. भाचीचा राग त्यांच्यावर नव्हताच. ती मावशीशी बोलायची बंद झाली.

गोपनीयता सगळीकडे सारखी नसते. सज्ञान बाई समुपदेशकाशी बोलली म्हणून आपोआप गुन्हा नोंदला जात नाही. हॉस्पिटलला मात्र पोलिसांना कळवावं लागतं. तिला तक्रार द्यायची नसेल तर तो नकार लिहून घेऊन उपचार करायचे, असं केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणून हेल्पलाइनला किंवा केंद्राला फोन लागला की मी आधी विचारते, "नाव नंतर सांगते. हे बोलणं कुठे लिहिता? कोणाला कळवावं लागतं? तुम्ही परत फोन करणार का, आणि केलात तर काय म्हणून?" हा शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मग भलत्या वेळी सासूबाई फोन उचलतात. उत्तर द्यायला कां कू करणाऱ्या ठिकाणी मी पुढे बोलत नाही.

"आधी एफआयआर, मग उपचार"

काउंटरवरचा माणूस असं म्हणाला की लोक मुकाट्याने परत फिरतात. फिरू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७ म्हणतं, हॉस्पिटल सरकारी असो वा खासगी, बलात्कार पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार करायचे. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचं महापालिका रुग्णालय, कोपऱ्यावरचं नर्सिंग होम, सगळ्यांना हे लागू आहे. नाकारणाऱ्यावर न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा होऊ शकतो. या दोन कलमांची झेरॉक्स माझ्या पर्समध्ये घडी घालून असते. आवाज न चढवता ती काउंटरवर ठेवायची. व्हिडिओ काढायला लागू नका, तिचा चेहरा त्यात येतो.

"उद्या सकाळी बघू" नको. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भनिरोधक गोळीचंही तेच.

"अंघोळ झाली, आता काय उपयोग" हेही नको. तरी जा. त्या वेळचे कपडे पुरावा म्हणून कागदी पिशवीत न्या, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते.

सगळा गोतावळा सोबत नेऊ नका. ती सांगेल ती एक व्यक्ती पुरे.

तिला न विचारता गाडी पोलीस ठाण्याकडे वळवणारे उत्साही भाऊ-मित्र मला सगळ्यात अवघड जातात. तक्रार द्यायची की नाही ते सज्ञान बाईने ठरवायचं. ठरवलं, तर हद्द आड येत नाही. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची तक्रार, कुठल्याही पोलीस ठाण्यात घ्यावीच लागते.

आवार पोलिसांचं असलं तरी आतला प्रत्येक माणूस पोलीस नसतो. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांसोबत सुरू केलेला, पुढे राज्यात पसरलेला महिला व बालकांसाठीचा विशेष कक्ष अशाच आवारात भरतो. तिथे सामाजिक कार्यकर्त्या बसतात.

कॉल हिस्ट्री पुसली की भागतं असं नाही. घरात एकच गूगल खातं असेल तर शोधलेलं सगळं नवऱ्याच्या फोनवर दिसतं, कॅबच्या ॲपमध्ये पत्ता राहतो. मी माझ्या फोनवरून नंबर लावते आणि फोन तिच्या हातात देते.

शेवटची चूक खास नवी मुंबईची. पोलीस आयुक्तालय एकच, पण जिल्हे दोन. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल रायगडात. बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, आणि पीडितांसाठीच्या राज्य सरकारच्या मनोधैर्य योजनेचं अर्थसाहाय्य गुन्हा नोंदल्यावर आपापल्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडून मिळतं. खारघरची माणसं या कामाचे कागद घेऊन ठाणे कोर्टात हेलपाटे घालतात. त्यांचं प्राधिकरण अलिबागला आहे, आणि जवळ म्हणाल तर पनवेलची तालुका विधी सेवा समिती. आधी १५१०० या विधी सेवेच्या हेल्पलाइनवर विचारा, मग रिक्षा करा.